औषधरोधी क्षयरोग आणि वनस्पतींतील संयुगे: मात्रेचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: धाकट्या भावाला रिफॅम्पिसिन या औषधाला दाद न देणारा फुफ्फुसाचा क्षयरोग झाला आहे, बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार सुरू होऊन दोन महिने झाले आहेत, मळमळीने आणि पायांतील मुंग्यांनी तो वैतागला आहे, आणि हळद, काळी मिरी, अडुळसा, दारुहळद यांतील संयुगे औषधरोधी क्षयजंतूंनाही मारतात असे वाचनात आल्यामुळे ती गोळ्यांसोबत किंवा गोळ्यांऐवजी द्यावीत का, असे आपण विचारले आहे. मी गेली अनेक वर्षे प्रयोगशाळेत क्षयजंतूंवर औषधांची आणि वनस्पतींच्या अर्कांची चाचणी घेत आले आहे, म्हणून निष्कर्ष आधी सांगते आणि कारणे नंतर. गोळ्यांऐवजी काहीही देऊ नका, आणि सोबत काही द्यावेसे वाटले तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आपण वाचलेले खोटे नाही. पण ‘मारतात’ म्हणजे किती मात्रेत, हे तिथे बहुधा सांगितलेले नसते, आणि सगळी मेख तिथेच आहे.

एखादे संयुग क्षयजंतूला रोखते, हे कसे ठरते ते पाहू. ९६ लहान खळगे असलेली प्लास्टिकची एक पट्टी असते. तिच्या प्रत्येक खळग्यात पोषक द्रव, ठरावीक संख्येने जंतू आणि तपासायचा पदार्थ घालतात. पदार्थाची मात्रा एका खळग्याकडून पुढच्या खळग्याकडे जाताना निम्मी होत जाते. क्षयजंतूंची संख्या दुप्पट व्हायला सुमारे २० तास लागतात, त्यामुळे ही पट्टी ३७ अंश सेल्सियस तापमानात जवळजवळ आठवडाभर ठेवावी लागते. मग तिच्यात रेझाझुरिन नावाचा निळा रंग घालतात. जिवंत जंतू त्या निळ्याचा गुलाबी करतात. वाढ रोखली गेली असेल तर खळगा निळाच राहतो. निळ्या राहिलेल्या खळग्यांतील सर्वांत कमी मात्रा म्हणजे त्या पदार्थाची किमान रोधक मात्रा.

ऐकायला हे सोपे वाटते, पण वनस्पतींच्या अर्कांबाबत ही पद्धत पावलोपावली चकवते. एका अर्काच्या ओळीत, जंतू मुळीच न घातलेले खळगेही काही तासांत गुलाबी झालेले मी पाहिले आहेत, कारण त्या अर्कातील फिनॉल गटाची संयुगे स्वतःच त्या रंगाशी रासायनिक क्रिया करत होती. याच्या उलटही घडते: दारुहळदीतील बर्बेरिनसारखे गडद पिवळे संयुग रंगाचे मोजमाप बिघडवते, टॅनिन प्रथिनांना सरसकट चिकटते, आणि अर्क विरघळवण्यासाठी वापरलेला द्रावक प्रमाणाबाहेर गेला तर जंतूंना तोच मारतो. म्हणून जंतूविरहित खळगे, फक्त द्रावक घातलेले खळगे आणि ज्ञात औषधाचे खळगे एकाच पट्टीत नसतील, तर त्या निकालाला मी निकाल म्हणत नाही. शिवाय निळा खळगा एवढेच सांगतो की वाढ थांबली. जंतू खरोखर मेले का, हे पाहण्यासाठी त्या खळग्यातील थेंब घन माध्यमावर पसरवून तीन-चार आठवडे वसाहती मोजाव्या लागतात. प्रसिद्ध झालेल्या दाव्यांपैकी पुष्कळसे या पुढच्या पायरीपर्यंत पोहोचलेलेच नसतात.

आता मात्रेकडे येऊ. आयसोनायझिड हे जुने औषध संवेदनशील क्षयजंतूला प्रति मिलिलिटर सुमारे ०.०५ मायक्रोग्रॅम इतक्या मात्रेत रोखते, आणि ३०० मिलिग्रॅमची एक गोळी घेतल्यावर रक्तातील त्याची पातळी ३ ते ५ मायक्रोग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे जंतूला लागते त्याच्या साठ ते शंभर पट औषध रक्तात मिळते. फुफ्फुसातील पोकळीच्या भिंतीपर्यंत, तिथल्या मृत, चिकट उतींतून वाट काढत पोहोचायचे तर एवढी शिल्लक हाताशी असावीच लागते. त्याच्यासमोर हळदीतील करक्युमिन ठेवून पाहा. माणसांना ८ ग्रॅम शुद्ध करक्युमिन तोंडाने देऊन पाहिले असता रक्तातील त्याची सर्वोच्च पातळी सरासरीने प्रति मिलिलिटर १ मायक्रोग्रॅमच्या आतच राहिली, कारण आतडे आणि यकृत मिळून त्याचे लगेच दुसऱ्या निष्क्रिय रूपांत रूपांतर करतात. आणि प्रयोगशाळेत क्षयजंतूवर परिणाम दिसतो तो याच्या कित्येक पट मात्रेवर. हळदीच्या पुडीत करक्युमिन साधारण तीन टक्के असते, म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून अधिक हळद खावी लागेल. एवढे करूनही जंतूजवळ पुरेशी मात्रा पोहोचणार नाही.

दुसरी बाजू विषारीपणाची आहे. चित्रकाच्या मुळातील प्लंबॅजिन हे संयुग काचेत, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत, फार कमी मात्रेत क्षयजंतूंना रोखते, आणि त्या आकड्यांवर नजर टाकली तर हुरूप येतो. मात्र ते माणसाच्या पेशींनाही जवळपास तेवढ्याच मात्रेत इजा करते. म्हणून आम्ही नेहमी दोन आकडे शेजारी ठेवतो: जंतू रोखणारी मात्रा आणि सस्तन प्राण्याच्या निम्म्या पेशी मारणारी मात्रा. दुसरी पहिलीच्या किमान दहापट असल्याशिवाय ते संयुग पुढे नेण्यात अर्थ नसतो. एवढ्या एका गाळणीत बहुतेक आशादायक नावे गळून पडतात.

वनस्पतींची संयुगे क्षयजंतूंपुढे अनेकदा दुबळी का ठरतात, याचे कारण मला त्यांच्या जगण्यात दिसते. १९४३ मध्ये सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन आणि ज्यापासून रिफॅम्पिसिन तयार झाले ते रिफामायसिन, ही दोन्ही मातीतील जिवाणूंची देणगी आहे. मातीत जिवाणू एकमेकांशी अन्नासाठी झगडतात, त्यामुळे शेजाऱ्याला थेट मारणारी रसायने त्यांच्याकडे असतात. वनस्पतींना कीड, बुरशी आणि चरणारी जनावरे यांच्याशी सामना करावा लागतो, आणि त्या सहसा एका जहाल रसायनावर विसंबत नाहीत. अनेक सौम्य रसायने एकत्र वापरतात. त्यातून क्षयजंतूच्या बाहेरचा थर ६० ते ९० कार्बन अणूंच्या लांबलचक मायकोलिक आम्लांनी बनलेला, मेणासारखा असतो. पाण्यात विरघळणारे फिनॉल त्यातून आत शिरणे कठीण असते.

तरीही मी हे काम सोडलेले नाही, आणि त्याचे कारण क्लोफाझिमिनच्या इतिहासात आहे. डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका दगडफुलातून डिप्लॉइसिन नावाचे संयुग वेगळे केले. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन, त्यामुळे काटेकोरपणे पाहता ती वनस्पती नव्हे. पण काम तेच होते. डिप्लॉइसिन काचेत क्षयजंतूंना रोखत होते आणि प्राण्यांत निरुपयोगी ठरले. नेमक्या याच ठिकाणी बहुतेक जण हात टेकतात. बॅरींच्या गटाने त्या रेणूत बदल करायला सुरुवात केली, वाटेत तयार झालेल्या एका लाल रंगद्रव्याचा माग काढला आणि १९५७ मध्ये ज्या संयुगांविषयी त्यांनी प्रसिद्ध केले त्यांत आजचे क्लोफाझिमिन होते. ते क्षयरोगासाठी शोधले गेले, अनेक दशके कुष्ठरोगासाठी वापरले गेले, आणि आता औषधरोधी क्षयरोगाच्या दीर्घ उपचारांत जागतिक आरोग्य संघटनेने त्याला स्थान दिले आहे. निसर्गातला मूळ रेणू आणि आजची गोळी यांच्यात फारसे साम्य उरलेले नाही. मात्र तो मूळ रेणू हाती लागला नसता तर गोळीपर्यंतची वाटही सापडली नसती. आपल्या भावाच्या मॉक्सिफ्लॉक्सासिनचीही दूरची मुळे झाडाच्या सालीत आहेत: क्विनीनच्या जोडीला कृत्रिम औषधे शोधताना क्लोरोक्विन मिळाले, आणि क्लोरोक्विन बनवताना मिळालेल्या एका उपपदार्थाच्या अभ्यासातून १९६२ मध्ये नॅलिडिक्सिक आम्ल पुढे आले, ज्याच्या घराण्यात पुढे सगळी फ्लुरोक्विनोलोन औषधे जन्माला आली.

आता काळ्या मिरीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच आहे. जिवाणूंच्या आवरणात इफ्लक्स पंप नावाची प्रथिने असतात; विहिरीतले पाणी उपसावे तसे ती आत शिरलेले औषध उपसून बाहेर टाकतात. वनस्पतींनी या उपशावर उपाय शोधलेला आहे, हे २००० साली एका सुंदर प्रयोगातून दिसले. दारुहळदीच्या कुळातील एका झुडपात बर्बेरिनच्या सोबत ५-प्राइम-मेथॉक्सिहिडनोकार्पिन हे संयुग सापडले. ते स्वतः जिवाणूंना काही करत नाही. ते फक्त स्टॅफिलोकोकस जिवाणूचा पंप बंद पाडते, आणि मग एरवी क्षीण असणारे बर्बेरिन प्रभावी ठरते. हेच संयुग पूर्वी कुष्ठरोगावर वापरल्या जाणाऱ्या तुवरकाच्या, म्हणजे कडू कवठाच्या तेलातही अल्प प्रमाणात सापडलेले होते. हा प्रयोग क्षयजंतूवरचा नव्हता, पण शुद्ध केलेला एकेक घटक दुबळा दिसतो म्हणून अर्क टाकून देऊ नये, हे मी त्यातून शिकले.

मिरीतील पिपेरिन क्षयजंतूचा आरव्ही१२५८सी नावाचा पंप रोखते आणि काचेत रिफॅम्पिसिनचा परिणाम वाढवते, हे २०१० च्या सुमारास दाखवले गेले. त्याआधीच, २००९ मध्ये, भारतात रिफॅम्पिसिन २०० मिलिग्रॅम, आयसोनायझिड ३०० मिलिग्रॅम आणि पिपेरिन १० मिलिग्रॅम असे एकत्रित औषध मंजूर झाले होते. पिपेरिनमुळे रिफॅम्पिसिनचे शोषण वाढते, म्हणून नेहमीच्या ४५० मिलिग्रॅमऐवजी निम्म्याहून कमी मात्रा पुरते, असे त्यामागचे तत्त्व होते. यावरून ‘मिरीमुळे रिफॅम्पिसिन पुन्हा लागू पडते’ असा निष्कर्ष लोक काढतात आणि तो आपल्या भावाच्या बाबतीत चुकीचा आहे. रिफॅम्पिसिन जिवाणूच्या आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमवर ज्या जागी बसते, ती जागाच त्याच्या जंतूंत बहुधा बदललेली आहे. रिफॅम्पिसिनरोधी जंतूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांत हा बदल आरपीओबी जनुकाच्या अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात सापडतो. कुलूपच बदलले असेल तर जुन्या किल्ल्या कितीही जमवल्या तरी दार उघडत नाही, मग त्या किल्ल्या दारापर्यंत पोहोचवणारी मदत कितीही चांगली असो.

पंपाचा प्रश्न खरा महत्त्वाचा ठरतो तो बेडाक्विलिनबाबत. या औषधाला दाद न देणाऱ्या अनेक जंतूंत आरव्ही०६७८ या जनुकात बिघाड झालेला असतो. हे जनुक एका पंपाला आवर घालते, आणि तो आवर सुटला की पंप जोरात चालू लागून बेडाक्विलिन आणि क्लोफाझिमिन दोन्ही बाहेर फेकतो. तेव्हा पंप थोपवणारे सुरक्षित संयुग मिळाले, तर सध्याच्या सर्वांत मोलाच्या औषधाचे आयुष्य वाढेल. आणि वनस्पतींतील रसायनांवर काम करणाऱ्यांनी आपली शक्ती इथे लावावी, असे माझे ठाम मत आहे. सावधगिरीचा धडाही याच क्षेत्रात मिळालेला आहे. अफूतील पॅपाव्हरिनच्या धर्तीवर बनवलेले व्हेरापामिल काचेत बेडाक्विलिनची परिणामकारकता स्पष्टपणे वाढवते. उंदरांतही फायदा दिसला, पण तो मुख्यतः उंदराच्या रक्तातील बेडाक्विलिनची पातळी वाढल्यामुळे होता, असे पुढे निष्पन्न झाले. म्हणजे रोखला गेला तो जंतूचा पंप की रुग्णाच्या आतड्या-यकृतातील व्यवस्था, हे वेगवेगळे तपासल्याशिवाय श्रेय कोणाला द्यायचे ते कळत नाही.

आणखी एक दिशा सुप्त जंतूंची. गाठींच्या आत, प्राणवायूच्या अभावी काही जंतू वाढ थांबवून पडून राहतात, आणि वाढणाऱ्या जंतूंना मारणारी औषधे त्यांच्यावर फारशी चालत नाहीत. उपचार महिनोन्‌महिने लांबण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. प्राणवायू कमी झाल्याची जाणीव जंतूला करून देणारी यंत्रणा आर्टेमिसिनिन बिघडवते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. हे तेच आर्टेमिसिनिन, जे चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाने १९७० च्या दशकात मलेरियासाठी वेगळे केले. अडुळशाचे योगदान वेगळ्या वाटेने येते: त्यातील व्हॅसिसिनच्या आधारे ब्रोमहेक्सिन आणि त्यापासून अँब्रॉक्सॉल ही कफ पातळ करणारी औषधे तयार झाली, आणि अँब्रॉक्सॉल आपल्या पेशींची अंतर्गत सफाईची प्रक्रिया वाढवून त्यांना आत दडलेल्या जंतूंशी लढायला मदत करते, असे प्रयोगांत आढळले आहे. रुग्णाच्या पेशींना बळ देणारी ही दिशा मला आशादायक वाटते. तरीही औषधरोधी क्षयरोगाच्या मान्य उपचारांत आजमितीस एकही शुद्ध वनस्पतिजन्य संयुग नाही.

संगणकावर वनस्पतिजन्य रेणू जंतूच्या प्रथिनात ‘चपखल बसतो’ असे दाखवणारे लेख आपल्या वाचनात येतील. त्यांत दिलेल्या जुळणीच्या गुणांकावरून जंतू मरेल असे समजू नका. रेणू मेणाच्या थरातून आत शिरतो का, याविषयी तो गुणांक काहीच सांगत नाही.

‘अमुक मुळीने बरे झालेले लोक आम्ही पाहिले आहेत’ असे नातेवाईक सांगत असतील, तर ते खोटे बोलत आहेत असे मी म्हणणार नाही. चार्ल्स स्टीव्हन्स नावाचा क्षयरोगी १८९७ मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेत गेला, तिथे पेलार्गोनियमच्या मुळांचा काढा घेऊन बरा झाला आणि पुढे तेच औषध त्याने इंग्लंडमध्ये विकले. ब्रिटिश वैद्यक संघटनेने त्याला भोंदू ठरवले, तर १९२० च्या दशकात जिनिव्हातील एका डॉक्टरने तेच औषध शेकडो रुग्णांना दिले आणि निवडक रुग्णांच्या चांगल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पुढे त्या मुळांच्या घटकांची तपासणी झाली तेव्हा क्षयजंतूला जोमदारपणे मारणारे काही त्यांत सापडले नाही. मग ते रुग्ण बरे कसे झाले? औषधे येण्यापूर्वीच्या काळातील नोंदी सांगतात की थुंकीत जंतू दिसणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के दहा वर्षांत दगावत. उरलेल्या तीसजणांनी जो काही काढा घेतला असेल, त्या काढ्याला श्रेय मिळत गेले. दगावलेल्या सत्तरांची साक्ष द्यायला कोणी उरले नाही.

आता थेट आपल्या भावाविषयी. त्याच्या चार औषधांशी काही वनस्पतींचे वैर आहे आणि ते जाणून घेणे सर्वांत निकडीचे आहे. खोकल्याच्या काढ्यांत आणि गोळ्यांत ज्येष्ठमध असतो. तो बराच काळ घेतल्यास शरीरातील पोटॅशियम कमी होते. बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन दोन्ही हृदयाच्या आलेखातील क्यूटी अंतर लांबवतात, आणि पोटॅशियम कमी असताना त्याचे रूपांतर हृदयाच्या धोकादायक अनियमित ठोक्यांत होऊ शकते. पिपेरिनच्या गोळ्या यकृतातील सीवायपी३ए४ या एन्झाइमला रोखतात, ज्यावर बेडाक्विलिनचा निचरा अवलंबून असतो. जेवणातील चिमूटभर मिरीबद्दल मी बोलत नाही, सांद्रित गोळ्यांबद्दल बोलते आहे. याच्या उलट, मनाच्या उदासीवर घेतले जाणारे सेंट जॉन्स वर्ट तेच एन्झाइम वाढवून बेडाक्विलिनची पातळी खाली आणते, आणि अपुऱ्या पातळीत जगलेले जंतू त्या औषधालाही सरावतात. हळद आणि पिपेरिन एकत्र असलेल्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत, आणि भावाच्या औषधांपैकी प्रिटोमॅनिड व बेडाक्विलिन यांचा भार आधीच यकृतावर आहे. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम असलेली चूर्णे, भस्मे आणि आम्लपित्ताची औषधे मॉक्सिफ्लॉक्सासिनला आतड्यातच बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात काही तासांचे अंतर लागते. ते किती, हे डॉक्टरांकडून विचारून घ्या.

पायांतील मुंग्या ही तक्रार वनस्पतींपेक्षा कितीतरी तातडीची आहे. ती बहुधा लिनेझोलिडमुळे आहे. हे औषध नसांवर, रक्त बनवणाऱ्या मज्जेवर आणि क्वचित दृष्टीवर परिणाम करते. मुंग्या अंगावर काढल्या तर नसांची इजा कायमची राहू शकते, आणि वेळेवर सांगितले तर डॉक्टर त्याची मात्रा कमी करू शकतात किंवा ते काही काळ थांबवू शकतात. हा निर्णय घरी घेऊ नका, पण पुढच्या ठरलेल्या तारखेची वाटही पाहू नका. याच आठवड्यात त्याला घेऊन जा. रंग फिके दिसतात का, वाचताना अक्षरे धूसर होतात का, हेही त्याला विचारा. तो काही काढा, चूर्ण किंवा गोळी आधीच घेत असेल, तर तिची बाटली किंवा डबी सोबत न्या, आणि हृदयाचा आलेख, पोटॅशियम, यकृताच्या तपासण्या आणि रक्तपेशींची मोजणी कधी झाली ते विचारा. दुसऱ्या महिन्याच्या थुंकीच्या कल्चरचा, म्हणजे थुंकीतील जंतू वाढतात का हे पाहणाऱ्या तपासणीचा, निकाल आपण लिहिलेला नाही. तोही त्याच भेटीत मागून घ्या, कारण त्या कल्चरमध्ये वाढ नसेल तर मळमळीने वैतागलेल्या भावाला उरलेल्या चार महिन्यांसाठी दाखवण्यासारखा तो सर्वांत भक्कम कागद असेल, आणि वाढ असेल तर त्याच जंतूंवर बेडाक्विलिनची संवेदनशीलता तपासायला सांगण्याची ती वेळ आहे.